मिकाची डावी बाजू

शेवटी दोनशे इंजिनं अमेरिकेला गेली, आणि त्यांतल्या एकालाही डावी बाजू नव्हती. उजवीकडून पाहिलं तर रिव्हेट न् रिव्हेट जागच्या जागी. डावीकडून पाहिलं तर बोहारणीने नाकारलेला पितळी लोटा. तरीही ती सगळी विकली गेली, आणि बऱ्या भावाने विकली गेली.

असं काही झालेलं नाही. कोरियात, इंचॉनच्या त्या कारखान्यात जाऊन कुणालाही विचारा. मालक प्यो सांग-नाम म्हणतील, कसली इंजिनं? पितळेचे तुकडे डाख लावून जोडणारी बुन-ए म्हणेल, मला काय विचारता, मी मान खाली घालून काम करते. बंदरातल्या कागदांवर तर त्या इंजिनांना दोन्ही बाजू आहेत, आणि कागद खोटं बोलत नाहीत, ते फक्त ऐकलेलं लिहितात. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरू आणि मुळापासून सुरुवात करू.

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा होता. कारखाना म्हणजे एका नूडल्सच्या खानावळीवरचा मजला. खालून उकळत्या रश्श्याचा वास वर यायचा आणि वरून ॲसिडचा वास खाली जायचा. खालच्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही. ती खानावळ झणझणीत रश्श्यासाठीच प्रसिद्ध होती. वर वीसेक माणसं दिवसभर भिंगं लावून वाकलेली असत आणि पितळी पत्र्यातून वीतभर लांबीची अमेरिकन वाफेची इंजिनं करत. त्यांतल्या एकानेही अमेरिका पाहिली नव्हती. अमेरिकेहून फोटो यायचे, फोटोत दिसेल ते करायचं, खोक्यात फोम घालून पाठवायचं. तिकडचे हौशी लोक ती कपाटात मांडत. चालवत नसत. चालवलं की किंमत उतरते म्हणे. बुन-एचं यावर मत होतं की मग नवऱ्यांचंही तसंच ठेवायला हवं होतं.

कारखान्याचा नियम एकच, आणि तो मालकांनी स्वतःच्या हाताने रंगवून भिंतीवर लावला होता: ‘दिसत नाही ते लावू नका.’

नियमाला कारण होतं. एकदा आलेल्या फोटोंत एका इंजिनाची मागची बाजू नव्हती. मालकांनी अंदाजाने तिथे एक शिडी लावली. चांगली होती शिडी. माल तिकडे पोचला आणि निवृत्त रेल्वेवाल्या म्हाताऱ्यांची पत्रं सुरू झाली. एकाने लिहिलं, ‘त्या इंजिनावर माझा जन्म गेला. शिडी नव्हती. असती तर आज माझा गुडघा शाबूत असता.’ सगळा माल परत आला. त्या दिवशी पाटी लागली. पुढच्याच फोटोत इंजिनाच्या कडेच्या फळीवर कुणीतरी जेवणाचा डबा विसरला होता. दिसत होता, म्हणून केला. तीनशे इंजिनांवर तीनशे डबे, झाकणाच्या कडीसकट. अमेरिकेतला घाऊक खरेदीदार, ग्रेबिल साहेब, फोनवर इतका ओरडला की मालकांनी रिसीव्हर लोणच्याच्या बरणीत ठेवला. पण वर्षभरात डब्याच्या इंजिनांना तिकडे दुप्पट भाव आला, आणि साहेब पुन्हा फोन करून विचारू लागला, आणखी कुठे काही विसरलेलं बसेल का?

तर या सगळ्या मंडळींत खऱ्या वाफेच्या इंजिनावर काम केलेला माणूस एकच: मेंग दोक-चिल. वय पंचावन्नच्या पुढे, डाव्या भुवईत कोळशाचा एक कण कातडीखाली कायमचा बसलेला. सगळे त्यांना मेंगकाका म्हणत. जेवणाच्या सुट्टीत भात संपवला की मेंगकाका रद्दी पत्र्याच्या तुकड्यांतून स्वतःचं एक इंजिन करत बसायचे. मिका. आपल्याकडचं, मालगाडीचं, आठ मोठ्या चाकांचं. ते कुणी मागितलं नव्हतं. अमेरिकन माणूस कोरियन इंजिन कशाला घेईल, आणि कोरियन माणसाला त्या किमतीत म्हशीएवढा टीव्ही येतो.

इंजिनाची उजवी बाजू तीन वर्षांपूर्वीच पुरी झाली होती. ती पाहायला शेजारच्या कारखान्यांतून माणसं यायची. पंपाच्या नळीला एके ठिकाणी किंचित पोक होता, तो का आहे हेही मेंगकाका सांगायचे: ‘तिथं मी फावडं आपटलं होतं.’ मग पाहुणा इंजिन फिरवायचा. डावीकडे काहीच नव्हतं. नुसता गुळगुळीत बॉयलर आणि त्यात पाहुण्याचंच लांबट तोंड.

‘काका, आता तरी दुसरा गाल करा,’ बुन-ए म्हणायची. ‘लकवा मारलेल्या मामंजींसारखं दिसतंय.’

‘पाहिलेला नाही.’

‘वर्षभर त्या इंजिनावर होतात ना तुम्ही?’

‘आधीचा पाहिलाय. शेवटचा नाही पाहिला.’

गोष्ट अशी होती. पन्नास सालच्या हिवाळ्यात मेंग दोक-चिल बावीस-तेवीस वर्षांचे फायरमन होते, भट्टीत कोळसा मारणारे. फायरमन उजवीकडे, ड्रायव्हर डावीकडे. ड्रायव्हरचं नाव कू हाक-सू. मेंगना मागेपुढे कुणी नव्हतं. कूने त्यांना स्टेशनवर कोळसा चोरताना पकडलं आणि म्हणाला, ‘चोरतोस चांगला, पण फावडं चुकीचं धरतोस,’ आणि ठेवून घेतलं. तेव्हापासून तो कूदादा. लढाईत, उत्तरेतल्या वोनसानच्या वाटेवर विमानातून गोळ्या आल्या आणि इंजिनाची सगळी डावी बाजू चाळण झाली. रात्रभर शेडमध्ये कूदादाने हाताला लागेल ते घेऊन ती दुरुस्त केली. मेंग तेव्हा तापाने फणफणून कोळशाच्या ढिगावर पडले होते. पहाटे अंधारात कूदादाने त्यांना ओढत नेऊन उजव्या दाराने आत चढवलं. म्हणाला, ‘डावी बाजू नवी केलीय रे. उजाडलं की बघ. हसून हसून मरशील.’

उजाडलं तेव्हा ते एका स्टेशनात होते. गाडीचा रूळ बदलणारा काटेवाला पळून गेला होता. कूदादा म्हणाला, ‘जा, काटा टाकून ये.’ मेंग उजवीकडून उतरले, काटा टाकला. तेवढ्यात कुठल्यातरी गणवेशातला एक अधिकारी पिस्तूल घेऊन इंजिनावर चढला. कुठला गणवेश ते विचारू नका, त्या दिवसांत गणवेश आठवड्याला बदलायचे. इंजिनाने शिटी दिली आणि उत्तरेला निघून गेलं. मेंग काट्याशी उभे. समोरून उजवी बाजू गेली. नळी, पोक, पंप, चाकं, मागचं कोळशाचं टेंडर. ड्रायव्हर पलीकडच्या खिडकीत. त्याने बाहेर डोकावून हात केला की नाही, हे बघायला माणूस पलीकडे उभा पाहिजे होता.

मग उत्तर आणि दक्षिणेच्या मधे सीमा आली. सीमा बाकी कशाहीपेक्षा टिकाऊ निघाली.

‘पण हसण्यासारखं काय असेल?’ बुन-ए दर दोन दिवसांनी विचारायची. सगळा कारखानाच विचारायचा. चाकं कापणारा म्हणे, खानावळीची पाटी ठोकली असेल, ‘आत या, गरम आहे.’ पॉलिशवाला म्हणे, न्हाव्याचा आरसा. बुन-एचं म्हणणं, बायकोच्या ट्रंकेचा पत्रा, वर मोर काढलेला. मालक एकदा पगाराच्या दिवशी जरा पिऊन म्हणाले, ‘काही केलंच नसेल. नुसती भोकं. म्हणून तर हसणार ना.’ त्यावर मेंगकाका खरंच थोडे हसले, आणि मग बराच वेळ भिंगातून बघत राहिले, ज्याच्याखाली काहीच धरलेलं नव्हतं.

एका बागेत जुनी मिका ठेवलीय, लोखंडी कुंपणात, मुलं वर चढतात. मालकांनी गेल्या वर्षी खर्च करून मेंगकाकांना तिथे पाठवलं होतं, की बघून या एकदाची डावी बाजू. ते बघून आले.

‘काय?’ मालकांनी विचारलं.

‘चुलत बहीण आहे,’ मेंगकाका म्हणाले. ‘तोंडवळा तोच. पण तिच्यात हसण्यासारखं काही नाही.’

चुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या सणाला लोक उत्तरेकडे तोंड करून पितरांना पान वाढतात. मेंगकाकांची तिथेही पंचाईत. जिवंत माणसाला पितरांचं पान वाढायचं नसतं, अभद्र. आणि मेलेल्याला वाढलं नाही तर तो उपाशी. म्हणून ते कूदादाच्या नावाने वाटी भरायचे, उत्तरेकडे ठेवायचे, आणि लगेच स्वतःच खाऊन टाकायचे, म्हणजे कुणी विचारलंच तर ते दुपारचं जेवण होतं. पोट बिघडलं तरी.

त्या उन्हाळ्यात ग्रेबिल साहेब आला. उंच, लालबुंद, एका कानाने बहिरा, आणि दरवर्षी स्वतःचा टॉवेल घेऊन येणारा. टॉवेल टेबलावर पसरायचा आणि त्यावर इंजिनं ओळीने मांडून डावं-उजवं करायचा. या खेपेला तीन होती, तिन्ही त्याच एका अमेरिकन इंजिनाची: एक जपानी, एक रस्त्यापलीकडच्या सोंगच्या कारखान्याचं आणि एक आपलं.

कारखाना थांबला. कुणी थांबलाय असं दाखवत नव्हतं, पण कानशी हवेत चालत होत्या.

साहेबाने डोळे मिटून प्रत्येक इंजिन तळहातावर तोललं. नखाने रिव्हेटांची ओळ वाजवली. चिमणीच्या भोकात फुंकर मारली. मग हातभर रूळ मांडून एकेक चालवलं आणि चांगला कान खाली नेला. जपानी इंजिन मांजरासारखं गेलं. सोंगचं शिवणयंत्रासारखं गेलं आणि त्याचं एक चाक रुळाला टेकतच नव्हतं, हवेत हौसेने फिरत होतं. आपलं जरा थांबलं, विचार केला आणि मग व्यवस्थित गेलं.

‘काय म्हणतोय?’ बुन-ए कुजबुजली.

मालकांना थोडं इंग्रजी यायचं, आणि जे यायचं नाही ते ते मनाने भरायचे. ‘म्हणतोय, जपानी इंजिनात खोट काढायला जागा नाही, पण येन चढल्यापासून त्याच्या किमतीत घराला कौलं येतात. सोंगचं स्वस्त आहे. एक चाक हवेत आहे, पण कपाटात कोण बघतंय.’

‘आणि आपलं?’

मालकांनी साहेबाला विचारलं. साहेब हळहळून बोलला. मालकांचा चेहरा उतरत गेला.

‘म्हणतोय, आपलं जपान्यापेक्षा स्वस्त आणि सोंगपेक्षा चांगलं. तीच तर अडचण. लोक एकतर सगळ्यात चांगलं घेतात, नाहीतर सगळ्यात स्वस्त. मधलं फक्त शहाणी माणसं घेतात, आणि शहाणी माणसं पितळी इंजिनं घेत नाहीत.’

म्हणजे यंदाची ऑर्डर सोंगला. ऑर्डर गेली की सप्टेंबरात मजला रिकामा करायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. खानावळवाल्याने तर वरच्या मजल्यावर बसायच्या गाद्यांचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं. साहेबाने टॉवेलची घडी घालायला घेतली, आणि उठताना त्याची नजर खिडकीतल्या मिकावर गेली. ती अर्थात उजवीकडून.

तो तसाच खाली बसला. त्याने टॉवेल परत पसरला.

मिका टॉवेलवर आली आणि जपानी इंजिन एकदम खेळण्यातलं दिसायला लागलं. साहेबाने तोललं नाही, वाजवलं नाही. पोक आलेल्या नळीवर त्याने बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

‘विचारतोय, केवढ्याला?’ मालक म्हणाले.

‘विकायचं नाही,’ मेंगकाका म्हणाले.

‘म्हणतात, फार महाग आहे,’ मालकांनी साहेबाला सांगितलं.

साहेब खुर्ची पुढे ओढून बोलू लागला. त्याच्या गिऱ्हाइकांत कितीतरी म्हातारे असे आहेत, की लढाईत इथं येऊन ज्यांनी हीच इंजिनं चालवली, दुरुस्त केली, शिव्या दिल्या. ते जीव टाकतील. दोनशे घेतो. जपान्याला देतो त्याच्या जवळपास भाव देतो. मग त्याने इंजिन उचललं, फिरवलं, आणि गुळगुळीत पितळेत त्याला स्वतःचं लालबुंद तोंड दिसलं.

खाली खानावळीत कुणीतरी नूडल्स ओढल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

‘बागेतल्याची डावी बाजू लावून देतो म्हणावं!’ मालक स्वतःलाच म्हणाले आणि स्वतःच इंग्रजीत सांगूनही टाकलं. साहेब खूश झाला. शनिवारी येतो म्हणाला, नमुना तयार ठेवा.

‘मालक,’ मेंगकाका म्हणाले, आणि नुसतं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

‘काका, तो नियम अमेरिकन इंजिनांना आहे!’

‘पाटीवर तसं दिसत नाही.’

‘अहो, वीस घरं आहेत या मजल्यावर! तुमच्या एका दादाच्या विनोदापायी—’ मालक थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘काका, मी काय दुष्ट आहे का? तो भेटत असता तर मी स्वतः तिकीट काढून दिलं असतं. पण शनिवारपर्यंत कुठून आणणार?’

‘शनिवारपर्यंत शोधतो,’ मेंगकाका म्हणाले. ‘नाही मिळालं तर तुम्ही म्हणाल ते.’

त्या दिवसांत टीव्हीवर लढाईत ताटातूट झालेली माणसं एकमेकांना शोधत होती. सोलमध्ये टीव्हीच्या इमारतीभोवती सगळा चौक माणसांनी आणि फलकांनी भरला होता. भिंती, झाडं, पायऱ्या, सगळीकडे नावं. कुणी बहीण शोधतंय, कुणी आई, कुणी गाडीच्या टपावरून पडलेला भाऊ. सापडलेली माणसं एकमेकांना धरून अशी रडायची की कॅमेरावाल्याचं भिंग धूसर व्हायचं. मेंगकाकांनी खोक्याचा पुठ्ठा गळ्यात अडकवला. त्यावर लिहिलं होतं: ‘मिका इंजिन. ड्रायव्हर कू हाक-सू. डाव्या बाजूला काय लावलं होतं?’

आयोजकांपैकी एक तरुण मुलगी हातात यादी घेऊन आली. तीन दिवस झोपलेली नसावी. ‘आजोबा, हरवलेल्या व्यक्तीशी नातं?’

‘मी उजवीकडे, तो डावीकडे.’

‘म्हणजे भाऊ?’

‘मधे भट्टी होती.’

तिने थोडा विचार करून ‘शेजारी’ लिहिलं. ‘शेवटचं कुठे पाहिलं?’

‘तेच तर. नाही पाहिलं.’

‘आजोबा, ते उत्तरेला गेले असतील तर आमच्याकडे नाही हो ते. उत्तरेचं आमच्याकडे काही नाही.’

‘मला माणूस नकोच आहे लगेच,’ मेंगकाका समजुतीने म्हणाले. ‘नुसती बाजू सांगितली तरी चालेल.’

दोन दिवसांत तिघे जण त्यांच्याकडे आले. एकजण म्हणाला, मी त्या गाडीत होतो, डावीकडे शाळेचा फळा ठोकला होता, त्यावर पाढे होते. दुसरा म्हणाला, छे, देवळाची घंटा कापून बसवली होती, वळणावर वाजायची. तिसरी एक म्हातारी. तिने इंजिन पाहिलेलं नव्हतं. तिचा मुलगा हरवला होता, आणि तो लहानपणी फार हसायचा, म्हणून ती मेंगकाकांच्या शेजारी येऊन बसली. दोघांनी मिळून वाळवलेला मासा खाल्ला. मेंगकाकांनी फळाही लिहून घेतला नाही आणि घंटाही. फळ्याच्या गोष्टीला ते हसले नाहीत. घंटेच्या गोष्टीला जरा हसू आलं, पण हसून हसून मरण्याइतकं नाही.

शनिवारी सकाळी ते कारखान्यात आले तेव्हा मिका तयार होती. बुन-एने दोन रात्री बसून, काढून आणलेल्या फोटोंवरून, बागेतल्या इंजिनाची डावी बाजू चढवली होती. नळ्या, पायऱ्या, कठडा, वाळूच्या पेटीचा दांडा, सगळं. डाख कुठे दिसत नव्हता. कारखान्यात तिच्याइतका हात कुणाचा नव्हता, आणि तिने तो सगळा ओतला होता.

‘शिव्या द्या काका,’ ती म्हणाली, वर न बघता. ‘घरी दोन शाळेत जाणाऱ्या आणि एक पिणारा आहे.’

मेंगकाकांनी शिव्या दिल्या नाहीत. इंजिन हातात घेतलं, डावी बाजू उजेडाला धरली. ‘सुरेख,’ ते म्हणाले. खरंच म्हणाले. मग ड्रायव्हरच्या खिडकीतून त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा स्वतःच्या घरात गेल्यावर कुणी परका माणूस जेवायला बसलेला दिसला की व्हावा.

‘हा कोण बसलाय?’ ते म्हणाले.

‘कुणी नाही काका. रिकामी आहे.’

‘नाही. आता रिकामी नाही राहिली.’ ते तिच्याजवळ स्टुलावर बसले. ‘बुन-ए, मी तुला एक सांगू? गाडी उत्तरेला गेली तेव्हा मी काट्याशी उभा होतो, पूर्वेला. म्हणून मला उजवी बाजू दिसली. बरोबर?’

‘बरोबर.’

‘तीच गाडी परत दक्षिणेला आली, आणि मी तिथेच उभा असलो, तर कुठली दिसेल?’

बुन-एने हातातल्या चिमट्याने हवेत गाडी नेली आणि परत आणली. मग चिमटा खाली ठेवला.

‘डावी,’ ती म्हणाली.

‘डावी बाजू परत येतानाच दिसते. म्हणून मी ती केली नाही. मला येत नाही म्हणून नाही. तू बसवलीस ती चांगली आहे, पण ती बसवली की गाडी येऊन गेली. मग मी तिथे उभा कशाला?’

बुन-एने उठून ज्योत पेटवली, आणि दोन रात्रींचं काम स्वतःच, एकेक तुकडा तापवून, चिमट्याने उचलून, उतरवायला सुरुवात केली. मेंगकाका पलीकडून इंजिन धरून होते. मालक जिना चढून वर आले ते नेमके कठडा निघताना.

‘अरे देवा,’ ते म्हणाले. ‘साहेब खाली नूडल्स खातोय!’

साहेब वर आला तो रश्श्याने आणखी लाल झालेला. टॉवेल पसरला गेला. मिका ठेवली गेली. एका बाजूने सगळं, दुसऱ्या बाजूने काही नाही. साहेबाने मालकांकडे पाहिलं. मालकांनी पाटीकडे पाहिलं. मग मेंगकाकाच उठले. त्यांनी टॉवेलवर हातभर रूळ ठेवला, त्याच्या शेजारी बोल्टचा एक छोटा नट उभा केला, आणि इंजिन त्या नटाजवळून हळूहळू पुढे ढकललं, टेबलाच्या कडेपर्यंत. मग ते उचलून, फिरवून, रुळाच्या त्या टोकाला धरून ठेवलं; पुढे आणलं नाही.

‘काय म्हणतात?’ साहेबाने विचारलं.

‘म्हणतात, तांत्रिक अडचण आहे,’ मालक म्हणाले.

साहेब नटाकडे बघत होता. त्याने वाकून चांगला कान रुळाजवळ नेला, जसा तो चालत्या इंजिनाजवळ नेतो. इंजिन चालत नव्हतं. तरी तो बराच वेळ तसाच राहिला.

मग तो ताठ झाला आणि धंद्याचं बोलू लागला. अर्धं इंजिन म्हणजे अर्धी किंमत. मालक किंचाळले, पत्रा दोन्हीकडे आहे, नुसतं नक्षीकाम एकीकडे! साहेब म्हणाला, पाऊण.

‘विचारतोय, पाऊणला द्याल का?’

‘त्याला सांगा,’ मेंगकाका म्हणाले, ‘उजवी बाजू करायला दोन वर्षं लागली. डावीला तेहेतीस वर्षं झाली, अजून चालू आहे. महाग कुठली पडली ते त्याने बघावं.’

या एका वेळी मालकांनी शब्दाला शब्द भाषांतर केलं. कदाचित घाबरून. साहेबाने टॉवेलवर बोटांनी काही हिशोब केला. डब्याचं इंजिन त्याच्या डोक्यात आलं असणार, कारण तो पुटपुटला की लोक चुकीला जास्त पैसे देतात. शिवाय कपाटात सगळी इंजिनं भिंतीला एक गाल लावूनच उभी असतात. पूर्ण भाव देतो. पण कागदावर दोन्ही बाजू लिहा, बंदरात मला नटाची गोष्ट सांगत बसता येणार नाही.

जाताना त्याने नमुन्याचं इंजिन स्वतःच्या बॅगेत ठेवलं, आणि तो नटही. नट मालकांनी बिलात धरला नाही.

दोनशे इंजिनं गेली. नाही, गेली नाहीत, ते आपलं ठरलंय. पण समजा गेली असती, तर पुढच्या हिवाळ्यात अमेरिकेहून म्हाताऱ्यांची पत्रं आली असती. शिडीच्या वेळी आली तशी रागाची नाहीत. एकालाही डावी बाजू आठवत नव्हती. एकाने लिहिलं, मीही उजवीकडेच उभा असायचो, डावीकडे बर्फ होता. एकाने लिहिलं, रिकामी बाजू मी खोलीकडे करून ठेवलीय, बायको विचारते काय बघतोस, मी म्हणतो बघतोय. मालकांनी ती पत्रं मेंगकाकांना वाचून दाखवली, या वेळीही बहुधा शब्दाला शब्द.

मेंगकाकांनी सगळं ऐकून घेतलं. वीस घरं चालली होती, खालच्या खानावळवाल्याने गाद्यांचं माप फाडून टाकलं होतं, बुन-एच्या मोठीला शाळेत बक्षीस मिळालं होतं. सगळं छान झालं होतं, आणि कूदादाने तिकडे काय ठोकलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी मेंगकाकांनी बुन-एला थांबवून घेतलं, कारण तिचं अक्षर चांगलं. अर्ज कुठल्या खात्याला करायचा यावर जरा खल झाला. रेल्वे म्हणेल सीमा आमची नाही, सीमावाले म्हणतील रूळ आमचे नाहीत. शेवटी वर नुसतं ‘संबंधितांस’ लिहिलं आणि तीन प्रती काढल्या, उत्तरेसाठी एक धरून.

‘संबंधितांस,

विषय: गाडी परत येण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, सन पन्नासच्या हिवाळ्यात उत्तरेस रवाना झालेलं मिका इंजिन, दक्षिणेकडे तोंड करून, त्याच स्टेशनातून, त्याच रुळावरून, दिवसाउजेडी व शक्य तितक्या सावकाश, एकवार परत आणण्यात यावं. अर्जदार काट्याजवळ पूर्वेस उभा राहील. डबे जोडण्याची आवश्यकता नाही. इंजिन उपलब्ध नसल्यास फक्त डावी बाजू आणावी. ती उपलब्ध नसल्यास ड्रायव्हर आणावा. त्याने स्वतः चालत आल्यासही हरकत नाही. ड्रायव्हरने हात करण्याची सक्ती नाही. कोळशाचा खर्च अर्जदार सोसेल, तसंच फावडं स्वतः मारेल.

सदर विनंती मान्य करता येत नसल्यास अर्जदारास तसं कळवण्यात येऊ नये.’